सील लावण्याआधी

भिवंडीच्या माणकोली नाक्यावरून आत वळले की गोडाऊनच्या रांगा सुरू होतात. एखाद्या गाळ्याच्या दाराशी चाळीस फुटी कंटेनर मागे घेऊन लावलेला असतो. हमाल पेट्या आत रचत जातात, सुपरवायझर पॅकिंग लिस्टवर एकेका पेटीपुढे खूण करतो. शेवटची पेटी आत गेली की दोन्ही दारे ओढून घेतात, दांड्या बसवतात आणि कडीत सील ठोकतात. मालाच्या धन्याने स्वतःच कंटेनर सील करण्याच्या पद्धतीत २०१७ पासून आरएफआयडीचे इलेक्ट्रॉनिक सील आले. त्याचा क्रमांक कस्टम्सकडे नोंदलेला असतो आणि न्हावा शेवा बंदरात पोचल्यावर तो यंत्राने वाचला जातो. सील शाबूत असेल, कागद जुळत असतील आणि कुणाला संशय नसेल तर असा कंटेनर सहसा उघडत नाहीत. माल आणि कागद शेजारी ठेवून पाहणारा शेवटचा माणूस म्हणूनच बहुतेक वेळा बंदरावर नसतो, तो भिवंडीत असतो.

हे पुस्तक त्या माणसासाठी आहे.

पुस्तकाचा विषय निर्यात नियंत्रण. अण्वस्त्रे, रासायनिक व जैविक शस्त्रे, क्षेपणास्त्रे आणि लष्करी सामग्री यांच्या कामी येऊ शकेल असा माल, यंत्रे आणि ज्ञान देशाबाहेर जाताना सरकार जी तपासणी करते, तिची ही ओळख आहे. एवढे ऐकूनच भिवंडीतला व्यापारी म्हणेल की आपला याच्याशी संबंध काय. आपण ग्रे कापड विकतो, रंगाची रसायने ठेवतो, कुणाचे यंत्र आले तर महिनाभर भाड्याने जागा देतो. हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर हलबजाला मिळते.

१६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या विमानांनी इराकमधल्या हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायू सोडला. हजारो माणसे मेली, त्यांत बायका-मुले फार होती. त्या वर्षांत इराकने वापरलेल्या मस्टर्ड वायूसाठी थायोडायग्लायकोल हे रसायन लागत होते. त्याचा हजार टनांहून अधिक साठा फ्रान्स व्हान अनराट या डच व्यापाऱ्याने इराकला पुरवला होता. थायोडायग्लायकोल हे काही शस्त्रागारात जन्मलेले द्रव्य नाही. कापडाच्या रंगाईत आणि छपाईत द्रावक म्हणून ते चालते, बॉलपेनच्या शाईतही वापरतात. माल कापड उद्योगासाठी चालला आहे असे आपल्याला वाटत होते, असा व्हान अनराटचा पवित्रा होता. हेगच्या न्यायालयाने तो मानला नाही. २३ डिसेंबर २००५ रोजी त्याला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल १५ वर्षांची शिक्षा झाली आणि अपिलात ती वाढून १७ वर्षांची झाली.

कापडाच्या नावाने रसायन गेले आणि माणसे मारायला लागले, ही गोष्ट भिवंडीने दोनदा वाचावी. यंत्रमागाचे हे गाव साऱ्या देशाला ग्रे कापड पुरवते. सायझिंग, डाइंग आणि प्रोसेसिंगला लागणारे ड्रम, कॅन आणि पोती इथल्या गोडाऊनांत सदैव पडून असतात. जे रसायन इथल्या कारागिराला रोजचे वाटते, त्याचे नाव आंतरराष्ट्रीय करारात नियंत्रित पदार्थ म्हणून छापलेले असू शकते.

थायोडायग्लायकोल रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ट्रायइथेनॉलअमाइन तिसऱ्यात आहे. कापडाच्या फिनिशिंगपासून सौंदर्यप्रसाधने, सिमेंट आणि धातुकामाच्या कटिंग ऑइलपर्यंत ते सर्वत्र वापरले जाते, आणि त्यापासून मस्टर्ड वायूचा एक प्रकार बनू शकतो. औषधे आणि कीटकनाशके बनवणाऱ्यांना लागणारे थायोनिल क्लोराइडही त्याच तिसऱ्या परिशिष्टात आहे. यांची निर्यात बंद नाही. पण कुठल्या देशाला, कुणाला, कशासाठी आणि मिश्रणात प्रमाण किती, यावर नियम बदलतो. दुसऱ्या परिशिष्टातले रसायन करारात सामील देशांनाच आणि तेही परवाना घेऊनच पाठवता येते. तिसऱ्यातले सामील देशांना पाठवले तर निर्यातीनंतर ठरलेल्या मुदतीत सरकारला कळवावे लागते. इजिप्त किंवा दक्षिण सुदानसारखा देश करारात नाही, तिथे पाठवायचे तर आधी परवाना हवा. एकच ड्रम, पण पत्ता बदलला की कागद बदलतात.

रसायनांपुरतेही हे थांबत नाही. कार्बन फायबरपासून सायकली आणि मासेमारीच्या काठ्या बनतात, त्याच्याच उच्च प्रतीपासून रॉकेटची आवरणे आणि युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजचे भाग बनतात. अक्षांची संख्या आणि अचूकता एका मर्यादेपलीकडे गेली की सीएनसी यंत्रही यादीत येते. एवढेच काय, नियंत्रित यंत्राचे ड्रॉइंग ईमेलने परदेशी पाठवणे ही कायद्याच्या नजरेत निर्यातच आहे. तिथे कंटेनर नाही, सील नाही, तरी जबाबदारी तीच.

भारतात ही सारी यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते. विशेष रसायने, जीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा हा शब्द आहे. तिचे शून्य ते आठ असे गट आहेत, त्यांपैकी सातवा तूर्त राखीव. शून्य गट अणुऊर्जेचा, पहिला विषारी रसायनांचा, दुसरा सूक्ष्मजीव आणि जैविक विषांचा, तिसरा साहित्य आणि ते घडवणाऱ्या यंत्रांचा, पाचवा अवकाश आणि हवाई यंत्रणांचा, सहावा लष्करी सामग्रीचा. आठव्यात इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, दूरसंचार, सेन्सर, लेझर असा मोठा पसारा आहे. भिवंडीच्या दृष्टीने पहिला, तिसरा आणि आठवा हे गट महत्त्वाचे, म्हणून पुस्तकाची बरीच पाने त्यांनाच दिली आहेत.

या यादीमागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. ऑक्टोबर २००३ मध्ये ‘बीबीसी चायना’ हे जहाज दुबईहून लिबियाकडे निघाले असता इटलीतल्या तारांतो बंदरात नेऊन तपासले गेले. कंटेनरांत सेंट्रिफ्यूजचे हजारो भाग सापडले. ते मलेशियातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात बनले होते आणि ते तेल-वायू उद्योगासाठी असल्याची आपली समजूत होती, असे त्या कंपनीचे म्हणणे होते. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांचे अणुतंत्रज्ञानाच्या चोरट्या विक्रीचे जाळे त्यातून उघडे पडले. त्यानंतर काही महिन्यांत, २८ एप्रिल २००४ रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव केला आणि प्रत्येक देशावर अशा मालाच्या निर्यातीवर, वाहतुकीवर आणि मध्यस्थीवर लक्ष ठेवण्याची सक्ती आली. भारताने पुढच्याच वर्षी सामूहिक संहाराची शस्त्रे व त्यांच्या वहन यंत्रणांविषयीचा कायदा केला. २०१० मध्ये १९९२ च्या परकीय व्यापार कायद्यात याच विषयाचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. २०२२ च्या दुरुस्तीने अशा कामाला पैसा पुरवणेही गुन्हा ठरले, म्हणजे बँकाही या वर्तुळात आल्या.

शिक्षा साध्या नाहीत. परवान्याविना निर्यातीला २००५ च्या कायद्यात ३ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आहे, गुन्हा पुन्हा घडला तर तुरुंगवास. जाणूनबुजून शस्त्रनिर्मितीला हातभार लावणाऱ्याला पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे.

आता खरा प्रश्न येतो. ही यादी वाचून निर्णय देणार कोण?

एका खात्याला ते जमणारे नाही. एखादे रसायन मस्टर्ड वायूला उपयोगी पडेल का, हे रसायनतज्ज्ञ सांगेल. घेणारी कंपनी खरी आहे की कुणाची मुखवटा-कंपनी आहे, हे गुप्तचर यंत्रणा सांगेल. त्या देशाशी आपले संबंध काय, करार काय, हे परराष्ट्र खाते सांगेल. यंत्राची अचूकता क्षेपणास्त्राच्या कामी येईल इतकी आहे का, हे डीआरडीओ किंवा इस्रोच सांगू शकेल. बंदरावर पेटी उघडण्याचा अधिकार मात्र कस्टम्सचा. म्हणून परकीय व्यापार महासंचालनालयाकडे, व्यवहारात ज्याला सगळे डीजीएफटी म्हणतात तिथे, एक आंतरमंत्रालयीन कार्यगट बसतो. वाणिज्य, परराष्ट्र, संरक्षण, अणुऊर्जा, अवकाश, रसायने या खात्यांचे आणि रासायनिक अस्त्रबंदी करारासाठीच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे लोक त्यात असतात. निर्यातदाराचा अर्ज, खरेदीदाराचे अंतिम वापराचे प्रमाणपत्र आणि मालाचा तांत्रिक तपशील यांवर हा गट शिफारस करतो. अणुऊर्जेच्या गटाचे परवाने अणुऊर्जा विभाग देतो, लष्करी सामग्रीचे संरक्षण उत्पादन विभाग, बाकीचे डीजीएफटी. दारे तीन असली तरी आत एकमेकांना विचारण्याची रीत आहे, आणि सरकारी कामकाजात ही रीत दुर्मीळ आहे हे कुणालाही मान्य व्हावे.

ती नसली तर काय होते, हे महाराष्ट्राने कापसाच्या बाबतीत पाहिले आहे. ५ मार्च २०१२ रोजी डीजीएफटीने अचानक कापूस निर्यातीवर बंदी घातली. गिरण्यांना कच्चा माल पुरावा, हा हेतू. पण कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विचारलेच नाही, असे जाहीरपणे सांगून पंतप्रधानांकडे दाद मागितली. विदर्भातला शेतकरी एका बाजूला, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग आणि गिरण्या दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या नावाने बोलणारी खाती एकमेकांशी बोललेली नव्हती. आठवड्याभरात बंदी मागे घ्यायची वेळ आली. मधल्या काळात करार केलेल्या व्यापाऱ्यांची आणि भाव पडताना पाहणाऱ्या शेतकऱ्यांची जी ओढाताण झाली, तिचा हिशेब कुणी मांडला नाही. कापसाच्या बाबतीत नुकसान पैशाचे होते. स्कोमेटच्या मालाबाबत चूक झाली तर नुकसान माणसांचे होते.

या यंत्रणेची कसोटी पाहायची तर लांब जायला नको. २३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा शेवा बंदरात ‘सीएमए सीजीएम अटिला’ हे माल्टाचा झेंडा असलेले जहाज थांबवले गेले. ते चीनहून कराचीला चालले होते. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना आगाऊ माहिती मिळाली होती. २२,१८० किलोचा एक माल तपासला तेव्हा त्यात इटालियन कंपनीचे सीएनसी यंत्र निघाले. कागदांवर पाठवणारी शांघायची एक लॉजिस्टिक्स कंपनी होती आणि घेणारी सियालकोटची. चौकशीत भारतीय यंत्रणांना दिसले ते वेगळेच: पाठवणारी चीनमधल्याच तैयुआनची कंपनी, आणि घेणारी अशी पाकिस्तानी कंपनी जिचे नाव मार्च २०२२ मध्ये याच बंदरात अडवलेल्या इटालियन बनावटीच्या उपकरणांच्या प्रकरणात आधीच नोंदले गेले होते. डीआरडीओच्या तज्ज्ञांनी यंत्र पाहिले आणि ते क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी उपयोगी पडू शकते असे मत दिले. पाकिस्तानने ते नाकारले. कराचीच्या एका कंपनीने वाहन उद्योगासाठी मागवलेले ते साधे लेथ आहे, असे त्यांच्या परराष्ट्र खात्याने म्हटले.

हे प्रकरण बारकाईने पाहावे ते एका कारणासाठी. माल भारताचा नव्हता, भारतात यायचाही नव्हता, फक्त वाटेत बंदरात आला होता. २००५ च्या कायद्याने मार्गस्थ मालावरही हात टाकण्याचा अधिकार दिला होता, म्हणून तो थांबवता आला. पण अधिकार असून भागले नसते. दोन वर्षांपूर्वीचे नाव कुणीतरी जपून ठेवले होते, ते योग्य वेळी योग्य टेबलावर पोचले, आणि यंत्र ओळखू शकणारा माणूस गोदीत आणला गेला. गुप्तचर, कस्टम्स आणि संरक्षण संशोधन यांतले एक जरी मागे राहिले असते तर २२ टनांची ती पेटी पुढे निघून गेली असती. अशीच साखळी १९९९ मध्ये गुजरातच्या कांडला बंदरात दिसली होती. कारगिलचे युद्ध चालू असताना ‘कु वोल सान’ या उत्तर कोरियाच्या जहाजावर पाणी शुद्ध करण्याची यंत्रे म्हणून दाखवलेल्या पेट्या कस्टम्सने उघडल्या आणि डीआरडीओच्या तज्ज्ञांनी त्यांत क्षेपणास्त्रांचे साहित्य ओळखले.

भारत या विषयाच्या दुसऱ्या बाजूलाही उभा राहिला आहे, हे विसरून चालणार नाही. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र अमेरिकेच्या निर्यातबंदीच्या यादीत गेले. ते तिथून बाहेर पडायला जानेवारी २०२५ उजाडले. आपल्या शास्त्रज्ञांना साधी उपकरणे मिळवताना पडलेले कष्ट खरे आहेत आणि त्याचा राग येणेही स्वाभाविक आहे. पण त्याच काळात भारताने आपले नियम कडक केले आणि जगाचा विश्वास कमावला. जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गट, डिसेंबर २०१७ मध्ये शस्त्रे आणि दुहेरी वापराच्या मालाविषयीची वासेनार व्यवस्था आणि जानेवारी २०१८ मध्ये रसायनांविषयीचा ऑस्ट्रेलिया गट, अशी तीन सदस्यत्वे ओळीने मिळाली. अणुपुरवठादार गटाचे दार अजून बंदच आहे. आपल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या अजाणतेपणाने हा विश्वास तडकला, तर त्याची झळ सगळ्यांना बसते.

ती झळ बसायला सुरुवात झाली आहे. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेने रशियाला माल पुरवल्याच्या कारणावरून जगभरातल्या जवळजवळ ४०० कंपन्या आणि व्यक्तींवर निर्बंध घातले, त्यांत १९ भारतीय कंपन्या होत्या. त्यांनी भारतीय कायदा मोडलेला दिसत नाही, असे परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितले आणि पुढे हेही सांगितले की भारतीय कंपन्यांना निर्यात नियंत्रणाचे नियम समजावून देण्यासाठी सर्व खात्यांसोबत काम चालू आहे. ते काम चालू आहे यात शंका नाही. डीजीएफटीच्या परिषदा होतात, जानेवारी २०२४ मध्ये या विषयाची अद्ययावत माहितीपुस्तिकाही निघाली. पण परिषदा मोठ्या हॉटेलांत इंग्रजीत होतात, आणि पुस्तिकाही इंग्रजीत आहे.

दिल्लीत खात्यांचा मेळ बसला, पण तो भिवंडीपर्यंत पोचलेला नाही, हे या प्रस्तावनेचे स्पष्ट मत आहे. इथल्या गोडाऊनची जमीन बहुधा आगरी कुटुंबाची, जिथे एकेकाळी भात पिकत असे. गाळा भाड्याने घेणारा गुजराती किंवा मारवाडी व्यापारी. माल चढवणारा उत्तर प्रदेश-बिहारचा मजूर. माग चालवणारे मोमीन-अन्सारी आणि तेलुगू पद्मशाली. शिपिंग बिल भरणारा सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचे काम पाहणाऱ्या एजंटचा, मुलगा कळव्याहून किंवा डोंबिवलीहून येणारा. गोडाऊनच्या परवानगीसाठी यांच्यापैकी कुणालाही ग्रामपंचायत, एमएमआरडीए, महसूल, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि अग्निशमन यांची दारे माहीत आहेत, कारण रसायनांच्या गोडाऊनांना लागलेल्या आगींनी ती शिकवली. तिथे प्रत्येक खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले की काय होते, हेही गावाने जवळून पाहिले आहे. स्कोमेट हा शब्द मात्र यांतल्या बहुतेकांच्या कानावर आलेला नसतो.

म्हणून पुढची प्रकरणे कायद्याच्या कलमांपासून सुरू होत नाहीत. ती सुरू होतात प्रश्नांपासून. गिऱ्हाईक मालाचा उपयोग विचारला की उडवाउडवी करते का? महागडे यंत्र घेऊन बसवून द्या, शिकवा असे म्हणत नाही का? पोचवण्याचा पत्ता कारखान्याचा नसून दुसऱ्या फॉरवर्डरचा आहे का? ड्रमवरचे लेबल बदला, पाकिटावर दुसरे नाव छापा, असे सांगते का? दोन दिवसांची वाट सोडून तिसऱ्या देशातून फिरवून माल मागते का? यांतले एक उत्तर खटकले तरी थांबायचे असते. माल स्कोमेटच्या यादीत नसला, पण तो संहारक शस्त्रासाठी जाईल अशी शंका असली किंवा सरकारने तसे कळवले, तरी परवाना घ्यावा लागतो. याला ‘कॅच-ऑल’ म्हणतात. त्यानंतरच्या प्रकरणांत परवान्याचा ऑनलाइन अर्ज, अंतिम वापराचे प्रमाणपत्र कसे मागावे, सीएचएकडून काय तपासून घ्यावे आणि नोंदी कशा ठेवाव्या, हे पायरीपायरीने आले आहे.

छोट्या निर्यातदाराला भीती वाटते की विचारायला गेले तर माल अडकेल, आणि मोठा खरेदीदार दुसऱ्याकडे जाईल. ही भीती खोटी नाही. अर्जाला वेळ लागतो, प्रश्न परत परत येतात. यादीतल्या काही प्रकारांसाठी सरकारने सर्वसाधारण परवान्यांची सोय केली आहे, उदाहरणार्थ २०२३ पासून ठरावीक मर्यादेतल्या नागरी ड्रोनसाठी, म्हणजे सैल करता येते तिथे सैल केले आहे. रसायनांच्या आणि यंत्रांच्या छोट्या व्यापाऱ्यासाठी असे आणखी पुष्कळ करता येईल.

त्यासाठी एक मागणी इथेच नोंदवायची आहे. चर्चगेटच्या डीजीएफटी कार्यालयाने आणि न्हावा शेवाच्या कस्टम्सने मिळून भिवंडीत महिन्यातून एक दिवस बसावे. स्कोमेटच्या रसायनांची आणि यंत्रांची यादी मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत, बाजारात चालणाऱ्या नावांसह छापावी आणि प्रत्येक गोडाऊनला द्यावी. तोवर वाचकाने निदान एवढे करावे: शेवटच्या प्रकरणातली रसायनांची नावे आपल्या स्टॉक रजिस्टरशी ताडून पाहावीत, आणि एकही नाव जुळले तर पुढचा कंटेनर भरण्याआधी आपल्या सीएचएला फोन करावा.